नाव मिळवणे आणि नाव राखणे
(समुद्रपूर तालुक्यातील मंडळ्यांसाठी अभ्यासपाठ)

या आठवड्याचा पाठ बांधावर बसून व वही उघडून शिकावयाचा आहे. समुद्रपूर तालुक्यातील आमच्या बहुतेक वाचकांची घरे कापूस, सोयाबीन व तूर यांवर चालतात. भाव चढला तर घराला कौले चढतात. भाव पडला तर मुलीची शाळा सुटते. परंतु हा भाव आपल्या गावात ठरत नाही. तेव्हा दूरच्या बाजारात उलथापालथ झाली असता गावाने कसे उभे राहावे, हा आजचा प्रश्न होय.

१. हिंगणघाटी कापसाची गोष्ट

आपल्या शेजारच्या हिंगणघाटचे नाव एके काळी विलायतेतील लिव्हरपूलच्या बाजारात प्रसिद्ध होते. या भागातील ‘बनी’ जातीचा कापूस धाग्याने बारीक व मऊ असे, म्हणून व्यापारी त्यास ‘हिंगणघाटी’ म्हणून ओळखत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली, आणि विलायतेच्या गिरण्यांस कापूस मिळेना. तेव्हा आमच्या मुलखातील कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, आणि तो भाव उतरला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, त्यामुळे माल बाहेर नेणे सोपे झाले. पण बाजाराचा प्रत्येक धक्काही तितक्याच लवकर शेतापर्यंत येऊ लागला.

याहून मोठी हानी हळूहळू झाली. बारीक धाग्यासाठी शेतकऱ्याच्या हाती जास्त पैसा पडेना. उलट भरड धाग्याच्या जातीत रुई अधिक निघे. म्हणून लोक भरड कापसाकडे वळले. चांगले व हलके बी एकत्र झाले, चांगला व हलका माल एकाच गाडीत भरला गेला. बनी मागे पडली, आणि हिंगणघाटी हे नाव नुसते नाव राहिले. दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हता. ज्याला जास्त श्रमाचे जास्त दाम मिळत नाहीत, तो ते श्रम किती वर्षे करील?

२. आजची स्थिती

मागील काही दशकांत सोयाबीनने कापसाची पुष्कळ जमीन घेतली. ते लवकर निघते व वेचणीची मजुरी वाचते, ही कारणे खरी आहेत. पण त्याचाही भाव परदेशातील तेल व पेंड यांच्या बाजाराशी बांधलेला आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी पुष्कळ बाजारांत शेतकऱ्याने त्याहून कमी भावाने माल दिला. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत माफ केले. बाहेरचा कापूस स्वस्त झाला, आणि हे नवा कापूस घरी येण्याच्या वेळीच घडले. एका पिकावरून दुसऱ्या पिकावर उडी मारल्याने धोका टळत नाही, हे यावरून दिसते.

३. वायगावची हळद

आता आपल्याच तालुक्यातील वायगावकडे पाहावे. तेथील हळद गर्द रंगाची व गुणाने तेज म्हणून पूर्वीपासून नावाजलेली आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ असा की, ठरलेल्या भागात पिकलेल्या हळदीसच कायद्याने ते नाव लावता येते. जे हिंगणघाटी कापसास कधी मिळाले नाही, ते कुंपण या हळदीस मिळाले आहे.

परंतु कुंपण घातल्याने पीक राखले जात नाही, राखणदार लागतो. मानांकन दहा वर्षांचे असते व पुढे नूतन करावे लागते. शेतकऱ्याने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. नुसते गावात राहणे पुरत नाही. आणि कोणी बाहेरची हळद आणून वायगावच्या पोत्यात भरली, किंवा चकाकीसाठी शिशाचा पिवळा रंग चोळला, तर खाणाऱ्याच्या देहात विष जाईल व साऱ्या गावाचे नाव बुडेल.

हळदीत दुसराही धडा आहे. ओली हळद तशीच विकता येते. किंवा शिजवून, दहापंधरा दिवस उन्हात वाळवून, घासून हळकुंडे करता येतात. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीतून एक क्विंटल सुकी निघते. वजन घटते, पण ती टिकते, आणि विकणारा घाईत राहत नाही. हे काम जेवढे गावात होईल तेवढी मजुरी गावात राहील.

येथे आम्ही सावध करतो. सर्वांनी हळद लावावी असे आमचे म्हणणे नाही. तिला पाणी हवे, बेण्याचा खर्च मोठा, पीक आठनऊ महिने शेतात उभे राहते, आणि निचरा नसेल तर कंद कुजतो. कर्ज काढून शेजाऱ्याची नक्कल करणारा बुडेल. शिकावयाचे ते पीक नव्हे, तर रीत.

४. हिशेबनीस कुमारप्पा

ही रीत आपल्याच जिल्ह्यात एका ख्रिस्ती गृहस्थाने आवर्जून शिकवली. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म १८९२ साली तंजावर येथे झाला. ते लंडनला हिशेबनिसाचे काम शिकले व न्यूयॉर्कला अर्थशास्त्र. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा ते त्याचे चिटणीस झाले व वर्ध्यास मगनवाडीत राहू लागले. कच्चा माल गावाबाहेर जातो आणि पक्का होऊन महाग परत येतो, यात गावाचे किती जाते ते मोजा, असा त्यांचा रोख असे. प्रथम मोजावे, मग बोलावे.

५. काय करावे

पहिले, वही. बी, खत, फवारणी, मजुरी, भाडे व घरच्यांचे श्रम, सर्व लिहावे. घरातील लिहिता येणाऱ्या मुलामुलीकडे हे काम द्यावे.

दुसरे, वाळवण. ओलसर सोयाबीन व कापूस यांचा भाव कापला जातो. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा. कापसाला ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो.

तिसरे, थांबण्याची सोय. सुगीत सर्वांचा माल एकदम येतो व भाव पडतो. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्जाची योजना आहे. सोयाबीन, तूर, हळद अशा मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळते. आपल्या समितीच्या कचेरीत ती चालू आहे का, हे सुगीपूर्वीच विचारावे. मिसर देशात योसेफाने सुकाळातच कोठारे बांधली, दुष्काळात नव्हे.

चौथे, एकजूट. दहा उत्पादक मिळून कायद्याने उत्पादक कंपनी काढू शकतात. परंतु आधी एक हंगाम एकत्र वजन करून, एकत्र विकून पाहावे. परस्पर विश्वास नसेल तर नोंदणीचा कागद निरुपयोगी आहे.

उपदेशकांनी सायंकाळच्या सभेनंतर हे प्रश्न विचारावे :

१) हिंगणघाटी कापसाचे नाव कशाने गेले?
२) गेल्या हंगामात एका एकराला खरा खर्च किती आला? कोणाच्या वहीत आहे?
३) आपल्या गावातून कोणता माल कच्चा जातो आणि पक्का होऊन परत येतो?
४) आपल्यापैकी कोणते दहाजण एका काट्यावर माल मोजण्यास तयार आहेत?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. नावे लिहून घ्यावी, आणि पुढील सभेत ती वाचून दाखवावी.