खिळे घासणारा मुलगा : जावजी दादाजी यांचें चरित्र

ठाणें, कल्याण व डोंबिवली ह्या बाजूंच्या मंडळ्यांत सुतार, लोहार, गवंडी अशीं हातकामें करणारे पुष्कळ बंधु आहेत. लिहिणारा, बोलणारा मनुष्य मागें नांव ठेवून जातो. पण ज्याचा सारा जन्म हत्यारें चालविण्यांत गेला त्याच्याविषयीं आठवावें तरी काय, असें त्यांतील कित्येकांस वाटतें. त्यांच्याकरितां आम्ही आज जावजी दादाजी चौधरी यांचा वृत्तांत देतों. ते आपल्या मंडळींतले नव्हते. तथापि त्यांस धंद्याचा पहिला पाठ मिशनच्याच छापखान्यांत मिळाला.

जावजींचा जन्म सन १८३९ मध्यें मुंबईस झाला. घरीं गरिबी होती, म्हणून शाळा फारशी घडली नाहीं. सुमारें दहाव्या वर्षीं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. पगार दरमहा २ रुपये. खिळे म्हणजे छापण्याचीं धातूचीं अक्षरें. तीं ओतून निघालीं म्हणजे त्यांच्या कडा खरखरीत असतात. त्या घासून साफ न केल्या तर खिळे एका ओळींत नीट उभे राहत नाहींत. काम हलकें खरें, पण चुकारपणा केला तर तो छापलेल्या पानावर सर्वांस दिसतो.

अक्षर तयार होतें कसें, हें आमच्या वाचकांतील लोहारबंधूंस विशेष आवडेल. प्रथम पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें. मग त्या कांबीस पाणी देऊन ती कठीण करावयाची आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकावयाची. तांब्यांत जो खोलगट ठसा उठतो त्यांत शिशाचा मिश्र रस ओतला म्हणजे खिळा निघतो. मूळ कांबीवर एक रेघ जाड झाली तर त्या ठशांतून निघणारे हजारों खिळे बिघडले. शिवाय आपल्या बालबोध लिपीस काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें असल्यामुळें असे ठसे शेंकड्यांनीं लागतात. मिशनच्या ह्याच छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं फार सुबक देवनागरी ठसे कापिले होते. चांगलें अक्षर कोणतें हें जावजींच्या डोळ्यांस तेथेंच कळूं लागलें असावें, असें आम्हांस वाटतें.

पुढें इंदुप्रकाश व ओरिएंटल ह्या छापखान्यांत नोकरी करून त्यांनीं सन १८६४ मध्यें खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढिला, आणि सन १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. नव्या अक्षरांचे ठसे कापणारे त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे होत. निर्णयसागरी अक्षराची जी कीर्ति झाली तींत राणोजींचा वांटा मोठा आहे. तो सांगितल्यावांचून जावजींची स्तुति करणें आम्हांस न्यायाचें दिसत नाहीं.

सन १८८१ पासून मुलांचें 'बालबोध' मासिक येथें छापूं लागलें. सन १८८६ मध्यें 'काव्यमाला' सुरू होऊन पूर्वीं कधीं न छापलेले संस्कृत ग्रंथ बाहेर पडूं लागले. ज्यास शाळा पुरती मिळाली नाहीं त्याच्या कारखान्यांतून पंडितांस शुद्ध पाठ मिळूं लागले! अर्थात् पाठ तपासण्याचें काम विद्वानांकडेच होतें. जावजींनीं त्यांच्या कामांत हात घातला नाहीं, आणि आपलें कामही कमी पडूं दिलें नाहीं.

ता. ५ एप्रिल १८९२ रोजीं ते वारले. पन्नाशी उलटून थोडींच वर्षें झालीं होतीं. बाप गेल्यावर त्याचें दुकान मोडणारीं, भांडून वांटे करणारीं घरें आपण गांवोगांवीं पाहतों. येथें तसें झालें नाहीं. पुत्र तुकाराम जावजी यांनीं छापखाना पुढें चालविला, व त्यांच्या मागून पांडुरंग जावजी हें नांव निर्णयसागरच्या ग्रंथांवर दिसूं लागलें. ह्या घराविषयीं एक गोष्ट आम्हांस मोठी बोलकी वाटते. बाप वारल्यावर कित्येक वर्षें तुकाराम आपल्या ग्रंथांवर इंग्रजींत आपणांस 'जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे मालक' असें छापीत. मालकी मुलाची झाली होती. छापखाना मात्र बापाचाच म्हणून सांगितला जात होता. असा मान कोणी कायद्यानें मागून घेऊं शकत नाहीं.

एखाद्या शास्त्र्याच्या घरीं किंवा जुन्या वाचनालयांत निर्णयसागरचा ग्रंथ सांपडला तर उपदेशकांनीं तो मुलांस अवश्य दाखवावा. पहिल्या पानाच्या खालच्या भागीं हीं नांवें असतात. आणि तेथेंच मुंबईच्या कोलभाट गल्लीचा पत्ताही पुष्कळदां आढळतो.