वीजबिलाचा दोष कुणाचा?

वीजबिल अचानक वाढले, की घरात पहिला ठपका रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दिव्यावर येतो. ठपका ठेवण्यापूर्वी गणित करावे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ४ तास लावला, तरी महिन्याला जेमतेम १ युनिट होते. २००० वॅटचा गिझर रोज तासभर तापत राहिला, तर ६० युनिट.

मग कारण कसे शोधावे? प्रथम बिलावरील रीडिंग मीटरशी ताडून पाहावे. आकारणी अंदाजे असेल, तर उलगडा तेथेच होतो. नंतर मुख्य स्विच चालू ठेवून सर्व उपकरणे बंद करावीत, प्लग काढावेत आणि मीटरवरील लुकलुकणारा दिवा न्याहाळावा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर एकेक एमसीबी बंद करीत जावे. ज्यामुळे लुकलुक थांबेल, त्याच भागात दोष समजावा. भिंतीतील जुन्या तारांतून वीज गळत असेल, तर प्रश्न पैशांचा उरत नाही, जिवाचा होतो. तेथे स्वतः हात न घालता परवानाधारक तंत्रज्ञासच बोलवावे.

मुलाचा दिवा मात्र विझवू नये.