अधन आणि अबांधव : सुश्रुतसंहितेतील प्रमेही व दुर्गाघाटावरील पथ्यविचार

सुश्रुतसंहितेची परंपरा काशिराज दिवोदास धन्वंतरीशी जोडलेली आहे. तिच्या चिकित्सास्थानातील अकराव्या अध्यायात प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद सांगून रोग्याच्या सांपत्तिक स्थितीनुसार निरनिराळा उपदेश केलेला आढळतो. धनवानाने श्यामाक-नीवारावर निर्वाह करून मृगांच्या संगतीत राहावे. जो ‘अधन’ वा ‘अबांधव’ आहे त्याने छत्री व पादत्राणे टाकून, भिक्षान्नावर, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. शेती करणे, विहीर खणणे हेही उपाय तेथे येतात. कृश रोग्याचे मात्र सतत रक्षण करावे, असे बजावले आहे. निर्धन रोग्याची शास्त्रकाराने घेतलेली ही दखल मोलाची खरी. पण ती घेऊन तो त्याला घराबाहेर काढतो. शिवाय या वाटेवर स्त्री कोठेच दिसत नाही.

त्याच काशीतील दुर्गाघाट ही जुनी मराठी वस्ती. काशीवासासाठी येऊन राहिलेल्या एकाकी वृद्ध स्त्रियांची परंपरा या परिसराला आहे. वाड्यातील एका खोलीत चूल मांडून राहणारी अशी स्त्री अधनही असे आणि अबांधवही. तिच्यासारखीला शंभर योजने चालविता येत नाही. उपदेशानेच तिच्या उंबरठ्यापर्यंत चालत यावयास हवे.

तसा प्रयत्न आज होतो. 2005 मध्ये सुरू झालेल्या योजनेतील ‘आशा’ कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाचे वय, कंबरेचा घेर, तंबाखू-मद्याचे सेवन, व्यायाम व आनुवंशिकता पत्रकात नोंदविते. गुण चारांहून अधिक झाल्यास त्या व्यक्तीची तपासणी अग्रक्रमाने व्हावयाची असते. हे पत्रक जोखीम मोजते, पथ्य शिकवीत नाही. पथ्याशी गाठ पडते ती भाषेची. ‘चीनी’ सोडा म्हटल्यावर मराठी गृहिणी चहातील साखर सोडते, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी व रताळी निःशंकपणे खाते. साबुदाणा गोड नसला तरी जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, हे ‘साखर’ या शब्दात कोठेही सूचित होत नाही. उलट, गोळी घेऊन निर्जळी उपवास केल्यास रक्तशर्करा घसरून घाम व थरथर सुटते. ती अशक्तपणाच्या नावाखाली दुर्लक्षिली जाते. तेव्हा “साखर खाता का?” यापेक्षा “उपवासाला काय खाता?” हा प्रश्न अधिक उपयोगाचा. (सुश्रुताचा नीवार बनारसी उपवासात ‘तिन्नी’ म्हणून अजून शिजतो, पण धान्य जुने म्हणून त्याचे प्रमाण सुटत नाही.)

एक उपदेश मात्र उलटाच करावा लागतो. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, म्हणून अनवाणी चालू नये, असे आजचे वैद्यक सांगते. घाटावर स्नानासाठी तापलेल्या दगडी पायऱ्या अनवाणी उतरणाऱ्या वृद्धेला पोळल्याचे किंवा खुपल्याचे कळेलच असे नाही. तळवे रोज पाहावेत हा नियम सोपा वाटतो. परंतु मंद दृष्टीच्या, एकटीने राहणाऱ्या स्त्रीचे तळवे पाहावयास दुसरे कोणी लागते. घरोघरच्या शिक्षणाच्या योजना ‘कुटुंबीयांनी लक्ष द्यावे’ एवढे लिहून थांबतात, आणि ‘अबांधव’ हा सुश्रुताचा शब्द तेथे अनुत्तरितच राहतो.