उथळ तळ्यातील मासे केव्हा धरावेत

आरे वसाहतीचा प्रदेश चढउताराचा आहे. जवळच्या सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी नाल्यानाल्यांतून मिठी व ओशिवरा ह्या नद्यांकडे निघून जाते. त्यातील थोडेसे छोटा काश्मीरसारख्या तलावात आणि लहान तळ्याडबक्यांत अडून राहते. अशा उथळ तळ्यात भाद्रपदात छातीइतके पाणी असले, तर वैशाखात ते गुडघ्यावर येते. मोठ्या जलाशयात मासेमारीची एखादी चूक भरून निघते. उथळ तळ्यात मात्र अवेळी टाकलेले एक जाळे पुढच्या वर्षाचे मासे घेऊन जाते.

तळ्याची व्यवस्था पाहणाऱ्याने प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. तळ्यात दोन प्रकारचे मासे असतात. मरळ, शिंगी, मांगूर आणि लहानसहान खवल्यांचे गावठी मासे हे तेथेच किंवा लगतच्या नाल्यात अंडी घालून वाढतात. रोहू, कटला व मृगळ मात्र साठलेल्या पाण्यात वीत नाहीत; त्यांना नदीच्या पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून त्यांचे बीज दरवर्षी आणून सोडावे लागते. पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून ह्या जातींकडून तळ्यात अंडी घालविली, आणि तेव्हापासून केंद्रांत बीज तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो ह्यामुळेच. तात्पर्य, पहिल्या प्रकारच्या माशांत काही राखून ठेवणे अवश्य आहे. दुसऱ्या प्रकारचे सर्व काढले तरी हानी नाही. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नेमके उलट घडते.

ही उलटापालट मृगाच्या पावसात सुरू होते. पहिल्या जोरदार सरींनी नाले भरले की तळ्यातील गावठी मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि गवताळ, पायभर पाण्यात जाऊन अंडी घालतात. हीच वलगण होय. आरे येथील पाड्यांत वारली, मल्हार कोळी व कातकरी कुटुंबे राहतात, आणि ठाणे-पालघरकडील त्यांच्या बांधवांप्रमाणे त्यांनाही वलगणीच्या माशांचे महत्त्व सांगावयास नको. त्यातच १ जूनपासून समुद्रातील यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते व बाजारातील मासळी महागते. अशा वेळी नाल्यावर माणसे जमावीत हे स्वाभाविकच आहे. विस्तार कार्यकर्त्याने तेथे जाऊन केवळ ‘मासे धरू नका’ असे सांगितल्यास त्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकू नये असेही आम्हांस वाटते. कारण वर्षानुवर्षे हे मासे खाऊनही ते टिकून राहिले होते. पूर्वी टोपली व हात ही साधने होती. आज बारीक आसाचे नायलॉनचे जाळे नाल्याच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत बांधता येते, आणि मग एकही मादी वर पोहोचत नाही. विनंती करावयाची ती एवढीच की, नाल्याची निम्मी रुंदी मोकळी राहू द्यावी. ज्या मादीचे पोट फुगलेले आहे व हलके दाबताच अंडी बाहेर येतात ती सोडून द्यावी. अंडी घालून परत उतरणारे मासे खुशाल धरावेत.

मरळीची गोष्ट निराळी. ती पाणवनस्पतींमध्ये घरटे करते, आणि पिले बाहेर आल्यावर नर-मादी त्यांच्यावर पहारा ठेवतात. पृष्ठभागाजवळ तांबूस पिलांचा थवा फिरताना दिसला, तर खाली मोठी मरळ आहे असे निश्चित समजावे. गळ टाकणाऱ्यास ही खूण फार मोहात पाडते. परंतु पहारेकरी गेला की बेडूक, पाणसाप व इतर मासे काही दिवसांत तो थवा संपवितात. एका मरळीसाठी शेकडो मरळी जातात. थवा पांगेपर्यंत तेथे गळ टाकू नये.

विकतचे बीज पावसाच्या आरंभी सोडण्याची घाई करू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस पुन्हा न आला तरी त्याच्या चौथ्या हिश्शाचा पाऊससुद्धा लहान तळे काठोकाठ भरून सोडलेले बीज नाल्यात नेण्यास पुरतो. पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर, जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये बीज सोडावे. सांडव्यावर जाळी बसवावी आणि तीत अडकलेला पालापाचोळा रोज काढावा, नाहीतर पाणी बांध फोडून जाईल. तळ्यात पाणी सात-आठ महिनेच पुरणार असेल, तर मत्स्यजिरे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. तीन-चार इंचांची बोटुकलीच घ्यावी. एका गुंठ्यास सुमारे ५० बोटुकल्या पुरेत. त्यांत दहांपैकी चार कटला, तीन रोहू व तीन मृगळ असे प्रमाण ठेवावे. बीजाची पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे. गावठी मांगूर म्हणून थाई मागूर गळ्यात मारला जातो. तो इतर मासे फस्त करतो आणि २००० सालापासून त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. ओळख पटत नसल्यास वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत विचारणा करावी.

आता शेणाविषयी. १९४९ साली मुंबईतील म्हशींचे तबेले शहराबाहेर नेण्यासाठी ही वसाहत स्थापन झाली, त्यामुळे येथे शेणाचा तुटवडा असा कधी नसतो. थोडे शेण तळ्यास हितकारक असते. त्यावर सूक्ष्म हिरवी वनस्पती व किडे वाढतात आणि ते माशांचे खाद्य होय. परंतु तबेल्याचे धुणे सरळ तळ्यात येऊ लागले की तेच विष ठरते. शेण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि उथळ, तापलेल्या पाण्यात तो मुळातच कमी असतो. परीक्षा सोपी आहे. हात कोपरापर्यंत सरळ पाण्यात बुडवावा. पाणी कोपराशी आले असता तळवा जेमतेम दिसेनासा झाला, तर खत पुरेसे आहे. मनगट बुडताच तळवा नाहीसा झाला, तर शेण त्वरित बंद करावे. सूर्योदयापूर्वी मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले की धोका अगदी जवळ आला असे समजावे. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतर हे विशेषेकरून घडते. त्या वेळी ताजे पाणी सोडावे, पाणी बांबूने झोडपावे आणि मोठे मासे काढून गर्दी कमी करावी. (मरळ व शिंगी हवेतून श्वास घेतात, म्हणून त्या जिवंत दिसल्या तरी पाणी चांगले आहे असे मानू नये.)

अश्विनात पाणी स्थिर होते. येथून पुढे महिन्यातून एकदा पाग फेकून मोठे मासे काढावेत, म्हणजे उरलेल्यांना जागा व खाद्य मिळते. मार्गशीर्ष-पौषात पाणी गार होते व मासे खाणे कमी करतात. गळ लावणाऱ्याने तेव्हा पहाट सोडून दुपार गाठावी. गांडूळ किंवा कणकेचा गोळा पुरतो. पहाटे व तिन्हीसांजेस पाण्याकाठी बसू नये ह्याचे आणखी एक कारण आहे. आरेत बिबट्यांचा वावर आहे, आणि काठाशी वाकून बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. दोघांनी मिळून जावे, मुलांना एकटे धाडू नये.

मुख्य काढणी माघ-फाल्गुनात करावी. पाणी कमरेखाली गेले की रोहू-कटल्याची वाढ थांबते. चैत्रापर्यंत ‘अजून थोडे वाढतील’ म्हणून थांबणाऱ्याच्या हाती पुष्कळदा मेलेले मासे येतात. सकाळच्या गारव्यात ओढजाळे लावून विकतचे सर्व मासे काढावेत. जाळ्यात आलेल्या गावठी माशांपैकी काही जोड्या मात्र परत सोडाव्यात. त्यांच्यासाठी तळ्याच्या सखल कोपऱ्यात, एकूण क्षेत्राच्या दहाव्या हिश्शाइतका, पुरुषभर खोल खड्डा असावा. वैशाखात उरलेले पाणी उपसून तो खड्डा रिकामा करण्याची, किंवा ब्लीचिंग पावडर व विजेच्या तारा वापरण्याची जी रीत काही ठिकाणी शिरली आहे, तिने मृगात चढावयास मासाच शिल्लक राहत नाही.

खड्डा सोडून उरलेला तळ उघडा पडला म्हणजे, ज्या विभागाच्या ताब्यात ते तळे असेल त्याची अनुमती घेऊन, गाळ काढावा व तो शेतात टाकावा. नंतर तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्यावा आणि गुंठ्यास दोन ते अडीच किलो चुना पसरावा. चुना टाकल्यानंतर पहिला पाऊस होईपर्यंत तेथे म्हशी उतरू देऊ नयेत.