बिनतारी किडा

मुलांनो, 'वर्म' या इंग्रजी शब्दाचा अर्थ किडा. उर्दूतही आपण कीडाच म्हणतो. पण हा किडा धान्यात नसतो, संगणकात असतो. तो एक प्रोग्रॅम आहे. तो स्वतःच्या नकला तयार करतो आणि एका संगणकातून दुसऱ्यात शिरतो.

२००४ साली 'कॅबिर' नावाचा किडा मोबाइल फोनमध्ये आढळला. तो ब्लूटूथने जवळच्या फोनचे दार ठोठावी. मालकाने 'नाही' म्हटले, तरी पुन्हा विचारी. सुटका एकच, तेथून दूर जाणे.

सैनिकाला असे दूर जाता येत नाही. समजा, एक तुकडी डोंगरात चालली आहे. तेथे तार नाही, मोबाइलचा मनोरा नाही. प्रत्येकाजवळ बिनतारी यंत्र आहे. एकाचा निरोप दुसरा घेतो आणि तिसऱ्याला देतो. म्हणजे येथे प्रत्येक यंत्र टपालवाला असते! पण आजचे असे यंत्र म्हणजे छोटा संगणकच. एका यंत्रात किडा शिरला, की तो निरोपाच्याच वाटेने पुढे जातो. सैनिक दुसऱ्या तुकडीत गेला, की किडाही त्याच्याबरोबर तेथे पोहोचतो.

किडा मुळात शिरतो कसा? कधी अगदी साध्या वाटेने. २००८ साली अमेरिकी सैन्याच्या संगणकांत एक किडा पेन ड्राइव्हमधून आला. तो साफ करायला सुमारे चौदा महिने लागले.

मग रोगी यंत्र लगेच बंद का करू नये? कारण त्याच्यामागे असलेल्या सैनिकांचा निरोप त्याच्यातूनच जातो. कदाचित त्याच वेळी ते मदत मागत असतील. किड्यावरचे औषध, म्हणजे दुरुस्तीचा प्रोग्रॅम, पाठवावा तर तोही त्याच अरुंद वाटेने जाणार आणि बॅटरी खर्च होणार. हा पेच खरोखर अवघड आहे.

येथे अभियंते साथीच्या रोगांचे गणित वापरतात. १९२७ साली करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी ते मांडले. आपले गणित त्यांनी कशावर ताडून पाहिले, ठाऊक आहे? १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगवर! एक रोगी सरासरी एकापेक्षा जास्त जणांना रोग देत असेल, तर साथ वाढते. एकापेक्षा कमी जणांना देत असेल, तर ती विझते. यंत्रांचेही तसेच आहे. म्हणून सगळी यंत्रे बंद करावी लागत नाहीत. काही यंत्रांना औषध द्यावे, बाकीच्यांनी थोडा वेळ कमी बोलावे. मग निरोपाची वाट उघडी राहते आणि किड्याला पुढचे घर मिळणे कठीण होते.