चुका टिपणारा ढालकिडा



मागील अंकात 'गुरूवार' हा शब्द तीन ठिकाणी चुकीचा छापला गेला. ती चूक टंकलेखकाची नव्हती, आमची होती. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'गुरु' ऱ्हस्व, तर मराठीत सुटा शब्द 'गुरू' दीर्घ. सवयीने आमच्या हातून ऱ्हस्वच लिहिले जाते. म्हणून छपाईपूर्वी आम्ही संगणकाला एकच आज्ञा दिली: जेथे 'गुरु' दिसेल तेथे 'गुरू' करावे. परिणाम असा झाला की गुरुवार, गुरुकुल, गुरुपौर्णिमा हे बरोबर असलेले शब्दही बिघडले. समासात पहिला तत्सम शब्द ऱ्हस्वच राहतो, हे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. आठवीच्या एका विद्यार्थिनीने चुकांची यादी वहीच्या पानावर लिहून कार्यालयात आणून दिली. खरे सांगायचे तर प्रथम आम्हाला थोडा राग आला. नंतर वाटले, हा तर संगणकाच्या तासाचा उत्तम पाठ आहे.

मोठे घर, अनेक हात

आपल्या घरातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये ती सुरू केली. ती मुख्यतः 'सी' भाषेत लिहिलेली असून तिच्या मूळ लेखनाच्या ओळी आज तीन कोटींहून अधिक आहेत. हे लेखन मुक्त आहे, म्हणजे कोणीही वाचावे आणि सुधारणा सुचवावी. जगभरातील हजारो माणसे त्यात भर घालतात. अशा घरात एखाद्या फंक्शनची पद्धत बदलली की शेकडो फाइलींत दुरुस्ती करावी लागते. हाताने केली तर काही जागा सुटतात, आणि नुसते 'शोधा व बदला' केले तर आमच्या गुरुवारासारखी गत होते.

तपासणीची साधने

1970 च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी 'सी' प्रोग्राम तपासणारे 'लिंट' हे साधन तयार केले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. ते जसे झटकावे, तसे लेखनातील संशयास्पद भाग हे साधन दाखवीत असे. दुरुस्ती मात्र माणसालाच करावी लागे.

पुढची पायरी म्हणजे 'कॉक्सिनेल'. संशोधिका ज्युलिया लॉल आणि त्यांचे सहकारी यांनी ते विकसित केले. कॉक्सिनेल हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ढालकिडा. शेतातील मावा खाणारा लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा हा किडा आपण पाहिला असेल. प्रोग्राममधील चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडाच म्हणतात. तेव्हा हा किडे खाणारा किडा!

याला अक्षरे नव्हे, वाक्यरचना कळते. उदाहरण घ्या. लिनक्समध्ये 'के-मॅलॉक' ने स्मृतीतील जागा मागायची आणि मग 'मेमसेट' ने ती शून्यांनी भरायची, अशी जोडी अनेक ठिकाणी होती. ही दोन्ही कामे 'के-झॅलॉक' एकटेच करते. मग नियम लिहितात: काढायच्या ओळीपुढे वजा चिन्ह, घालायच्या ओळीपुढे अधिक चिन्ह. दोन्ही ओळींत जागा तीच आणि आकारही तोच असेल तरच बदल करावा, असेही त्यात येते. मागणी एका जागेची आणि शून्ये दुसरीत, असे असेल तर तेथे हात लावला जात नाही. 2010 पासून असे नियम लिनक्सच्या मूळ लेखनासोबतच ठेवलेले आहेत.

एक जास्तीची ओळ

याची गरज किती, ते फेब्रुवारी 2014 मध्ये दिसले. ॲपल कंपनीच्या प्रसिद्ध केलेल्या 'सी' लेखनात 'गो-टू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ओळ 'जर' च्या अटीखाली होती. दुसरी तशी दिसे, पण अटीबाहेर होती. त्यामुळे सुरक्षित संपर्काच्या वेळी समोरच्या संगणकाची सही तपासण्याचा भागच वगळला जाई. पुढे 2016 मध्ये 'जीसीसी' या मुक्त कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मांडणीवर बोट ठेवणारी सूचना आली. चुकीतून नियम जन्मतो, तो असा.

आपल्याकडील काम

याच जीसीसीचा अभ्यास आय.आय.टी. मुंबई येथे प्रा. उदय खेडकर यांनी अनेक विद्यार्थ्यांकडून करवून घेतला. त्यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला ग्रंथ 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोग्राम न चालवताच कोणती किंमत कोठून कोठे वाहत जाते, हे ओळखण्याचे शास्त्र त्यात आहे. आपल्या शहराजवळ कांदी येथील आय.आय.टी. हैदराबादमध्येही 'एलएलव्हीएम' या मुक्त कंपायलरवर संशोधन चालते. म्हणजे ही विद्या फार दूरची नाही.

पालकांचा प्रश्न

काही पालक विचारतात, "सर, आता यंत्रच प्रोग्राम लिहिते आणि तपासते, मग मुलांनी शिकायचे कशाला?" आमचे उत्तर त्या यादीत आहे. यंत्र नियम क्षणात आणि न कंटाळता लावते. पण नियम कोणता, अपवाद कोणते, हे भाषा जाणणाऱ्यालाच सांगावे लागते. ढालकिड्याने सुचविलेला बदलही लिनक्समध्ये कोणीतरी माणूस वाचतो आणि स्वतःच्या नावाने पाठवतो. तेथे चूक दाखवणाऱ्याचा राग धरून चालत नाही.

म्हणून या सत्रापासून नववीच्या संगणक तासाला मुले एकमेकांचे प्रोग्राम आधी तपासतील, मग शिक्षक गुण देतील. सापडलेल्या चुकीबद्दल गुण कापले जाणार नाहीत. घरीही पालकांनी वहीतील लाल खूण पाहून रागावण्याआधी "ही का झाली?" एवढे विचारावे, ही विनंती.

स्वाध्याय

1. 'कवि' च्या जागी सर्वत्र 'कवी' केल्यास कोणते शब्द बिघडतील? पाच लिहा.
2. 'सी' मध्ये एक '=' किंमत ठेवते, दोन '==' तुलना करतात. 'जर' च्या कंसात चुकून एकच पडले तर काय होईल? कंपायलरला सर्व इशारे दाखवायला सांगून पाहा.
3. या अंकातील चुका शोधून कार्यालयात द्या. या वेळी राग येणार नाही.