काचऱ्यांचं मीठ बरणीतूनच घ्या

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मूळचे अमळनेरकडचे, राहायला लिंबायतला. हे लूमवर बारा तासांच्या पाळीला जातात. डब्यात बटाट्याच्या काचऱ्या असल्या की खूश. तव्यावर परतते आणि वरून लोणच्याचा खार नाहीतर चुरलेली सांडगी मिरची घालते. आता यांना बीपीची गोळी सुरू झालीय. शेजारीण म्हणते, बटाटा बंद कर. करू का?
– एक वाचक, सुरत

उत्तर : ताई, बटाट्याच्या माथी उगाच खापर फोडू नका. शंभर ग्रॅम बटाट्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि ते रक्तदाबाला चांगलंच. खरी गोम मिठात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. आपण किलोभर कैरीला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ लावतो. मसाला आणि तेल धरूनही दहा ग्रॅम खारात ग्रॅमभर मीठ सहज येतं. त्यात काचऱ्यांना वेगळं मीठ आणि जोडीला पापड! एका डब्यातच दिवसाचा निम्मा हिशेब संपतो.

म्हणून नियम एकच : ज्या दिवशी बरणी उघडाल, त्या दिवशी भाजीत मिठाचा हात घालायचा नाही.

अशा करा काचऱ्या

दोन माणसांना दोन-तीन मध्यम बटाटे घ्या. पातळ काचऱ्या करून पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा, मग निथळून फडक्यावर कोरड्या करा. पाण्यात वरचा स्टार्च आणि साखर काही प्रमाणात निघून जाते, त्यामुळे त्या तव्याला चिकटत नाहीत आणि लवकर काळ्या पडत नाहीत. बिडाच्या तव्यावर दोन छोटे चमचे शेंगदाणा तेल, मोहरी, हिंग, हळद. काचऱ्या घालून झाकण ठेवा, मऊ झाल्या की झाकण काढून परता. रंग सोनेरी झाला की थांबा. बटाटा तेज आचेवर करपला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन वाढतं. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर त्यांतली साखर वाढते आणि हा धोकाही वाढतो. ते टोपलीत, अंधाऱ्या पण हवेशीर जागी ठेवा. हिरवट पडलेला किंवा कडवट लागणारा बटाटा सरळ टाका.

आंबट घालायचं ते शेवटीच. आधी घातलं तर बटाटा शिजता शिजत नाही. गॅस बंद केल्यावर चमचाभर खार, किंवा भिजवून चिरलेली बिनमिठाची आंबोशी. बीपी असलेल्यांना मी आंबोशीच सुचवेन. चव तीच, मीठ जवळजवळ नाही. सांडगी मिरचीत मीठ भरपूर असतं, ती अर्धीच घ्या आणि तळण्याऐवजी तव्यावर भाजा.

बरणीकडेही बघा

सुरतेच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट की दादरा नीट बांधलेली बरणीही दगा देते. चमचा कोरडाच हवा, तेल फोडींच्या वर दिसायला हवं. बुरशी आली तर वरचा थर काढून खालचं वापरू नका. वाळवलेल्या मिरच्यांनाही हेच लागू.

सगळ्यात जपायचं ते तेलात बुडवून ठेवलेल्या ओल्या लसणीला. त्यात आंबटही नाही, हवाही नाही. बॉट्युलिझमच्या जंतूंना अशीच जागा लागते. हा आजार विरळ, पण जिवावर बेतणारा. वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. असं तेल थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. खाल्ल्यानंतर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, घास गिळता येईना, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा.

डबा भरताना

वाफ जाऊ द्या, मग झाकण लावा. पहिल्याच सुट्टीत खायला सांगा. पाळी संपल्यावर परत आलेली भाजी गरम करून खाऊ नये. काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. “एवढा घाम जातो, मीठ नको का?” असं हे विचारतीलच. नेहमीच्या घामाला जेवणातलं मीठ पुरतं, कमी पडतं ते पाणी. लूमच्या खोलीत बाटली हाताशी असू द्या. मात्र लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि उभं राहताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

कोणी सांभाळावं

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना बटाट्यातलं पोटॅशियम जड जाऊ शकतं. त्यांनी काचऱ्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावं, आणि प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. ‘कमी सोडियमचं’ मीठही त्यांनी विचारल्याशिवाय आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं, तेव्हा ते मीठ आणण्याआधी तुम्हीही विचारून घ्या. मधुमेह असेल तर काचऱ्यांच्या दिवशी एक पोळी कमी करा.

गोळी मात्र मीठ कमी केलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. महिनाभर असा डबा द्या, बीपीचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला वही घेऊन जा. गोळी कमी करायची की नाही, ते आकडे बघून डॉक्टर ठरवतील.